घरखर्चाची पेटी कॅश

पुण्याजवळच्या भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात मी गेली 16 वर्षे हिशेब पाहते. तेथे संध्याकाळी रोख मोजताना 10 रुपयांचा जरी फरक लागला, तरी तो सापडेपर्यंत कपाटाला कुलूप लागत नाही, आणि कुरिअरवाल्याला दिलेल्या 40 रुपयांचेही व्हाउचर, म्हणजे खर्चाची चिठ्ठी, फाडले जाते. घरी मात्र दोघांचे पगार पहिल्या तारखेला जमा होऊन वीस-बावीस तारखेपर्यंत कोठे विरून जातात, हे मला अनेक वर्षे सांगता येत नव्हते. घराचा हप्ता, मुलाची फी, वीजबिल, किराणा या मोठ्या रकमा पाठ असत. त्यांच्याखेरीज दरमहा आठ-नऊ हजार रुपये असे जात, की ज्यांना नावच नव्हते. परक्याच्या पैशाचा हिशेब चोख ठेवणाऱ्या बाईला स्वतःच्या घरचा देता येऊ नये, याची एके दिवशी लाज वाटली आणि मी कारखान्यातीलच एक जुनी पद्धत घरी आणली. ती कशी चालवावी, हे येथे सांगते.

पैसे हाताला कळत असत, तेव्हा अशा पद्धतीची फारशी गरज नव्हती. पाकिटातून नोट काढायची, सुटे मोजून घ्यायचे, उरलेल्या नोटांकडे नजर जायची आणि त्या नजरेतच पुढची खरेदी पुष्कळदा रद्द व्हायची. 2016 मध्ये यूपीआय आले आणि अमृततुल्यातील चहापासून लक्ष्मी रोडवरील साडीपर्यंत सगळे एकाच हालचालीत, एकाच आवाजात चुकते होऊ लागले. सोय मोठीच झाली, मी ती सोडणार नाही; परंतु 15 रुपये देताना आणि 1,500 रुपये देताना अंगठ्याला सारखेच श्रम पडतात. प्रेलेक आणि सिमेस्टर या अभ्यासकांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात बास्केटबॉलच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितली होती. कार्डाने पैसे द्यायचे असलेल्यांची बोली रोखीने देणाऱ्यांपेक्षा कितीतरी वर, दुपटीच्याही पुढे गेली. तिकीट तेच होते, फरक फक्त पैसे कसे द्यायचे याचा होता. म्हणून माझ्या पद्धतीचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: पैसे देण्यापूर्वी जो थांबा नाहीसा झाला आहे, तो जेथे खरोखर हवा आहे तेथे पुन्हा बसवणे.

पहिला महिना: फक्त लिहायचे

अप्पा बळवंत चौकातून किंवा कोपऱ्यावरच्या दुकानातून शंभर पानी वही आणावी. मोबाइलवर हिशेबाची अनेक ॲप मिळतात, पण ज्या यंत्रातून पैसे जातात त्याच यंत्रात हिशेब ठेवला की तो पाहायला उघडताना आणखी काहीतरी खरेदी होते, असा माझा अनुभव आहे. वहीत चार रकाने आखावेत: तारीख, रक्कम, वस्तू आणि चौथ्यात त्या खर्चाचे कारण, तेही एकाच शब्दात. हा चौथा रकाना हा या पद्धतीचा प्राण आहे. रोज रात्री झोपण्यापूर्वी मोबाइलमधील व्यवहारांची यादी समोर ठेवून लिहायला पाच मिनिटे पुरतात. आठवड्याचे एकदम लिहायला बसले, तर रक्कम सापडते परंतु कारण आठवत नाही.

या महिन्यात एकही खर्च कमी करू नये, हे मी आग्रहाने सांगते. लगेच काटकसर सुरू केली, की माणूस वहीला दाखवण्यासाठी वागू लागतो आणि वही खोटे बोलू लागते. व्हाउचर मंजूर होणार नाही अशी भीती असलेला कामगार जसा चहाचे पैसे रिक्षाभाड्यात घालतो, तसेच आपण स्वतःशी करतो.

माझ्या वहीतील एका मंगळवारचे पान असे आहे. सकाळी कोथिंबीर 15, गरज. दुपारी सोबत डबा असताना मिसळ 110, भीड. संध्याकाळी नळ स्टॉप मेट्रो स्थानकापासून कर्वेनगरपर्यंत रिक्षा 52, दमणूक. रात्री दहा मिनिटांत घरपोच येणाऱ्या सेवेतून दही, बिस्किटे, हात पुसण्याचे कागद आणि चॉकलेट मिळून 287, पुन्हा दमणूक. त्यातील दही 35 रुपयांचे होते. घरपोच आणण्याचे शुल्क पडू नये म्हणून मी 252 रुपयांच्या वस्तू भरीला घातल्या होत्या, आणि त्या क्षणी मला पैसे वाचवल्याचे समाधानही वाटले होते.

महिनाअखेरीस बेरीज वस्तूंप्रमाणे न करता कारणांप्रमाणे करावी. भाजी किती, रिक्षा किती, कपडे किती, असे खाते मांडले तर प्रत्येक आकडा योग्यच वाटतो, कारण भाजी, रिक्षा आणि कपडे हे सगळे लागतेच. कारणांची बेरीज मात्र चेहरा दाखवते. हौसेने माझे घर बुडते आहे, अशी माझी खात्री होती, कारण घरात बोलणी त्याचीच बसत. प्रत्यक्षात हौस 900 रुपयांवर थांबली, भीड 2,150 वर गेली आणि दमणूक 4,300 वर. ज्याला मी उधळेपणा समजत होते तो बहुतांशी थकवा होता.

थकव्यावर निश्चयाचा उपाय चालत नाही, कारण दमून आलेल्या माणसाकडे निश्चय शिल्लकच नसतो. तेथे आधीची तयारी लागते. आम्ही रविवारी थालीपिठाची भाजणी, भाजलेल्या दाण्यांचे कूट आणि दोन दिवसांचा निवडलेला भाजीपाला तयार ठेवू लागलो, दही घरी विरजू लागलो, आणि बुधवार हा पिठलं-भाताचा दिवस म्हणून बिनचर्चेचा ठरवून टाकला. एवढ्यावर दमणुकीचा आकडा पुढच्या महिन्यात 1,800 पर्यंत उतरला. रिक्षाचे 52 रुपये मात्र मी ठेवले आहेत. पावसात, हातात पिशवी असताना, दिवसभर आकडे मोजल्यानंतर ते मला महाग वाटत नाहीत, आणि तसे वाटत नाही हे आता मला माहीत आहे.

दुसरा महिना: पेटी

कारखान्यात किरकोळ खर्चासाठी पेटी कॅश असते; इंग्रजीत पेटी म्हणजे किरकोळ. आमच्याकडे चहा आणणारे काका या शब्दातील पेटी म्हणजे डबाच समजतात, आणि खरे तर तोच अर्थ जास्त उपयोगाचा आहे. पेटीत ठरावीक रक्कम, समजा 5,000 रुपये, ठेवतात. खर्च होईल तसे व्हाउचर आत पडते. आणि कोणत्याही क्षणी उघडून पाहिली, तर उरलेली रोख अधिक व्हाउचरांची बेरीज 5,000 भरलीच पाहिजे. आठवड्याच्या शेवटी जेवढी व्हाउचरे तेवढीच भर घालतात, वर एक रुपयाही नाही.

घरी हेच करायचे. पहिल्या महिन्याच्या वहीतून हप्ते, फी, बिले, औषधे आणि किराणा वगळावेत आणि उरलेल्या किरकोळ खर्चाचा आठवड्याचा आकडा काढावा. तो आपल्याला जसा असावासा वाटतो तसा न धरता जसा निघाला तसाच धरावा, फार तर दहा टक्के कमी. आमचा 2,000 निघाला. ही रक्कम ठेवायला दुसरे बचत खाते उत्तम. किमान शिलकीची अट नसलेले खाते पाहून ते यूपीआयला जोडावे, आणि पगाराचे मुख्य खाते पैसे देण्याच्या ॲपमधून काढून टाकावे. दर सोमवारी सकाळी मुख्य खात्यातून येथे 2,000 रुपये पुरे होतील एवढीच भर घालावी. शुक्रवारी 140 रुपये उरले असतील, तर ते 140 रुपये दिसतात, पाकिटातील शेवटच्या दोन नोटा दिसाव्यात तसे. थांबा आपोआप तयार होतो.

काही जण यासाठी यूपीआय लाइट वापरतात. त्यात फार तर 5,000 रुपये ठेवता येतात आणि 1,000 रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होतो, म्हणून ती पेटीसारखी वाटते खरी. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. लाइटमधून केलेले किरकोळ व्यवहार बँकेच्या पासबुकात वेगवेगळे उमटत नाहीत, तेथे फक्त भरलेली रक्कम दिसते. त्यामुळे वही आणखी काटेकोर लागते. शिवाय रक्कम संपताच आपोआप भरण्याची सोय चालू असेल, तर ती आधी बंद करावी. तळ नसलेल्या पेटीचा उपयोग नाही.

मोठ्या किराण्यासाठी, भाजीसाठी मी अजून नोटाच नेते. मंडईत नोट मोडली की पुढच्या गाळ्याशी बोलणे बदलते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

अचानक न येणारे अचानक खर्च

पेटी बसवल्यानंतरही आमचा मे महिना कोलमडला. मिळकतकराचे बिल आले, मे अखेरपर्यंत भरल्यास सवलत म्हणून ते लगेच भरले, पाठोपाठ जूनमध्ये शाळेची फी, गणवेश, वह्या-पुस्तके आली, आणि मी वहीत “अचानक” असे कारण लिहिले. ते लिहिताना हसू आले. जून दर वर्षी मेनंतरच येतो.

वर्षातून एकदा-दोनदा येणारे सगळे खर्च एका पानावर मांडावेत. आमचे पान असे होते: मिळकतकर 14,000, शाळेची फी आणि गणवेश 42,000, वाहनांचा आणि आरोग्याचा विमा 18,000, गणपती आणि दिवाळी 22,000. बेरीज 96,000, म्हणजे महिन्याला 8,000. ही रक्कम पगाराच्या दुसऱ्या दिवशी रिकरिंग ठेवीत किंवा वेगळ्या खात्यात जावी, आणि ती बचत समजू नये; तो पुढे ढकललेला खर्चच आहे. हे 8,000 बाजूला पडू लागल्यावर आमच्या हाती राहणारी रक्कम एकदम लहान दिसू लागली आणि काही दिवस घरात नाराजी होती. वास्तविक ती आधीही तेवढीच होती. पूर्वी फरक क्रेडिट कार्ड भरून काढत असे.

कार्डाचा हिशेब मांडून दाखवते, कारण तेथे शब्द सौम्य आणि आकडे कठोर असतात. समजा बिल 40,000 आहे आणि आपण किमान रक्कम म्हणून 2,000 भरले. उरलेल्या 38,000 वर महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरले, तर 1,330 रुपये होतात, त्यावर 18 टक्के जीएसटीचे सुमारे 239. म्हणजे पुढच्या महिन्यात पुन्हा 2,000 भरले, तरी त्यातील जवळपास 1,570 रुपये मुद्दलाला स्पर्शही न करता जातात. त्यातच थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, दुधाची पिशवी घेतली तरी तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चालू होते. ज्यांच्या कार्डावर अशी थकबाकी आहे, त्यांनी वही, पेटी सगळे बाजूला ठेवून आधी ती फेडावी. लागल्यास मुदत ठेव मोडावी, कारण ठेवीवर सात टक्के मिळवत कार्डाला बेचाळीस टक्के देणे हा कोणत्याही अर्थाने सुज्ञपणा नव्हे.

बिनव्याजी हप्त्यांचेही तेच. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना बजावले होते, की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वातच नसते. व्याज बहुधा रोखीच्या सवलतीतून वळते झालेले असते, प्रक्रिया शुल्क वेगळे लागते, व्याजाच्या भागावर जीएसटी पडतो. दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा: आत्ता सगळे पैसे दिले तर किती कमी कराल? उत्तरातला फरक म्हणजे व्याज.

समोरच्या बाजूचे कसब

आपण एकटेच बेसावध असतो असे नाही. आपण बेसावध राहावे म्हणून पगारी माणसे राबत असतात. “फक्त 2 शिल्लक”, उलटे चालणारे घड्याळ, टोपलीत आपोआप पडलेला विमा किंवा देणगी, शेवटच्या पडद्यावर वाढलेली किंमत, सदस्यत्व घ्यायला एक बटण आणि सोडायला सात: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत अशा 13 फसव्या रचनांची यादी दिली असून त्यांवर बंदी घातली आहे. तक्रारीसाठी 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. यादी एकदा वाचून ठेवली, की बाजाराचा पडदा पारदर्शक होतो. घड्याळ दिसले की मी आता ॲप बंद करते आणि दुसऱ्या दिवशी पाहते. घड्याळ पुन्हा तितक्याच वेळेपासून सुरू झालेले असते.

आपोआप जाणाऱ्या रकमांसाठी वर्षातून दोनदा, मी गुढीपाडवा आणि दसरा धरला आहे, झाडलोट करावी. मुलासाठी घेतलेले अभ्यासाचे एक ॲप त्याने दोन महिन्यांत सोडले, पण दरमहा 499 रुपये पुढे 14 महिने जात राहिले, एकूण 6,986. दोष माझाही होता. 1 ऑक्टोबर 2021 पासून लागू असलेल्या नियमाप्रमाणे असे पैसे वळते होण्यापूर्वी किमान 24 तास आधी सूचना यावी लागते, आणि ती मला दर महिन्याला येत होती, पण कर्ज देऊ करणाऱ्या आणि भूखंड विकणाऱ्या संदेशांच्या ढिगाऱ्यात. यूपीआयच्या ॲपमध्ये ऑटोपेची यादी असते आणि कार्डावरील आदेशांची यादी बँकेच्या ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर मिळते. दोन्ही उघडाव्यात आणि प्रत्येक नावापुढे गेल्या महिन्यात ते वापरले का, एवढेच विचारावे.

भीड

हा भाग सर्वांत अवघड आहे आणि याबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. भीड भिकेची बहीण, असे आपल्याकडे म्हणतात ते उगीच नाही. कार्यालयात दर आठवड्याला कोणाचा तरी केक, सोसायटीची वर्गणी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारणीपेक्षा वरचढ वाण, लग्नातले आहेर, मैत्रिणींनी बाहेर खायचे ठरवल्यावर डबा आहे असे सांगण्याचा संकोच. यातला कोणताही खर्च स्वतंत्रपणे मोठा नसतो आणि प्रत्येकाच्या मागे एक ओळखीचा चेहरा असतो.

मी नकार द्यायला शिकले नाही, कारण तो माझा स्वभाव नाही. मी रक्कम आधी ठरवायला शिकले. वर्षाच्या सुरुवातीला आहेर-वर्गणीचे एक पान करून त्यात जवळच्यांसाठी किती, ओळखीच्यांसाठी किती, हे लिहून ठेवले आणि ते पैसे वार्षिक खर्चातच धरले. कार्यालयात मी सुचवले, की महिन्याच्या सगळ्या वाढदिवसांचा मिळून एकच दिवस करू या. ते बोलायला मी तीन आठवडे धीर गोळा केला, आणि बोलल्यावर सगळ्यांना इतके हायसे वाटले, की भिडेने खर्च करणारी मी एकटीच नव्हते हे उघड झाले. मिसळीला मात्र महिन्यातून एकदा जाते. त्या दिवशी डबा नेत नाही आणि वहीत “हौस” लिहिते.

हौसेसाठी मागचे पान

वहीच्या शेवटच्या पानावर हव्याशा वाटणाऱ्या वस्तू तारखेसह लिहाव्यात. 500 रुपयांच्या आतील वस्तूला एक रात्र, 5,000 पर्यंतच्या वस्तूला एक आठवडा आणि त्याहून महाग वस्तूला पुढचा पगार होईपर्यंत थांबायचे. मुदतीनंतरही हवी असेल तर घ्यावी आणि मग तिच्याबद्दल घरात कोणी बोलू नये. आमच्या पानावरील निम्म्याहून अधिक नोंदी मुदत संपण्यापूर्वीच मी स्वतः खोडल्या आहेत. त्यात एअर फ्रायर तीनदा आहे. मुलाचा तबला मात्र महिनाभर तग धरून राहिला आणि घेतला. तुळशीबागेच्या बाजारासाठी हा नियम मी लावत नाही, तेथे आठवडाभराने तीच वस्तू सापडणार नाही. तेथे मी ठरलेली रोख घेऊन जाते आणि मोबाइल पिशवीच्या तळाशी ठेवते. घासाघीस करून वाचवलेले 20 रुपये पुढच्या दुकानात 600 रुपयांच्या खरेदीचे निमित्त होतात, हे माझ्या वहीत नोंदलेले आहे.

रविवारी सकाळी पोहे झाल्यावर आम्ही दोघे वीस मिनिटे वही घेऊन बसतो. “हे का घेतलंस?” हा प्रश्न तेथे विचारायचा नाही, असे पहिल्याच दिवशी ठरले, कारण तो विचारला की दुसऱ्या रविवारी वही सापडत नाही. त्याऐवजी प्रत्येकाला दरमहा 1,000 रुपये हातखर्च आहे आणि त्याची नोंद एका ओळीत, तपशिलाशिवाय होते. यजमान त्याचे काय करतात हे मला ठाऊक नाही. अंदाज आहे.

मधले काही दिवस लिहायचे राहणारच. तेव्हा आठवून आठवून भरायला बसू नये, तेथेच वहीचा कंटाळा येतो. हिशेबाच्या भाषेत उचंत खाते असते, ज्याचा तपशील लागत नाही ती रक्कम तात्पुरती तेथे टाकतात. पेटीत सोमवारी किती होते आणि आज किती आहे, यांतला फरक उचंत म्हणून एका ओळीत लिहावा आणि पुढच्या दिवसापासून रकाने भरावेत. गेल्या गणपतीतले सहा दिवस आमच्या वहीत “उचंत, 1,870” एवढ्याच शब्दांत आहेत, आणि त्याखाली सातव्या दिवसाची पहिली नोंद आहे: मेथीची जुडी, 25, गरज.